धामणखेडच्या प्रवाळाचा पंचनामा

धामणखेड येथील कृषी केंद्राचे मालक हिंमतराव यांच्या घरी दिवाळीनंतर एक गंभीर घटना घडली. त्यांच्या बैठकीतल्या काचेच्या टाकीतली छत्री मिटली.

त्याच सुमारास गावच्या शिवारातली झाडून सारी कपाशी शेंदरी बोंडअळीने आतून पोखरली होती. पण ते साऱ्या जिल्ह्यातच झालेलं असल्यामुळे त्याला बातमी म्हणायची सोय नव्हती. छत्री मात्र जिल्ह्यात एकच होती.

छत्री ही मऊ प्रवाळाची एक जात. जाड देठ, वर भूछत्रासारखी मांसल टोपी आणि टोपीभर पोपटी लव. हे प्राणी समुद्रात राहतात. धामणखेड बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूरकडून सातपुड्याच्या अंगाला आहे आणि इथून समुद्राकडे जायचं तर अर्धा महाराष्ट्र आडवा येतो. तरी छत्री इथे पोचली याचं कारण हिंमतरावांची लेक अर्पिता. पुण्यात नोकरी करताना तिने हौसेने ही टाकी मांडली होती. नव्या घराच्या मालकाने तिसऱ्या मजल्यावर एवढं पाणी ठेवायला मनाई केली, तेव्हा टाकी, दगड, दिवे आणि खाऱ्या पाण्याचे कॅन असा सगळा संसार टेम्पोत घालून तिने तो माहेरी आणून सोडला.

"बाबा, नवशिक्याले जमन अशीच सोपी प्रवाळं हायेत हे," ती म्हणाली. "हे झाडं नाहीत बरं, जनावरं हायेत."

"मंग चारा?"

"उजेड. दिव्याखालीच पोट भरते त्याइचं."

उजेड खाऊन जगणारं आणि गोठ्यात घाण न करणारं जनावर हिंमतरावांना मनापासून आवडलं. शासनाने अशी जनावरं अनुदानावर वाटली तर शेतीचे निम्मे प्रश्न मिटतील, असं त्यांनी बाजारात दोन-तीन ठिकाणी बोलूनही दाखवलं.

छत्रीशिवाय टाकीत दगडावर पसरलेलं हिरवं गवत होतं, बटणांसारखे गोल ठिपके होते आणि एक गुलाबी झुबका होता. झुबक्याच्या टोकांना बारीक पंजे होते आणि ते दिवसभर उघडमीट करत. गावाने त्याचं नाव 'टाळ्यावालं' ठेवलं. धामणखेडात कुणी कशाबद्दल टाळ्या वाजवल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं, त्यामुळे लोक संध्याकाळी मुद्दाम त्याच्यासमोर येऊन बसत.

परत जाताना अर्पिताने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. पाणी उडून कमी झालं की वरून फिल्टरचं गोड पाणी घालायचं. एरवी टाकीत हात घालायचा नाही, काही टाकायचं नाही. बिघडल्यासारखं वाटलं, तर आधी थांबायचं.

आता थांबणं ही गोष्ट हिंमतरावांच्या धंद्यात बसणारी नव्हती. त्यांच्या दुकानाची रीत अशी की शेतकरी सकाळी वावरातून एक पान तोडतो, खिशात घालून आणतो आणि काउंटरवर ठेवतो. हिंमतराव ते उजेडात धरतात, उलटं करतात, नखाने खरवडतात, "हं" म्हणतात आणि मागच्या फळीवरून तीन बाटल्या काढतात. पान कसलंही असो, बाटल्या तीन. एकदा एकाने गडबडीत कडुनिंबाचं पान ठेवलं होतं, त्यालाही तीन मिळाल्या. "घरी जा, चार दिवस वाट पाहा, आपोआप सुधरेल," असं त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. असं सांगणाऱ्या दुकानाला लोक दुकान म्हणत नाहीत.

गोड पाण्याचं तर त्यांना मुळीच पटलं नाही. धामणखेड खारपाणपट्ट्यात येतं. इथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा नासतो आणि माणसांची मूत्रपिंडं वयाच्या आधी थकतात. पुण्याची शहाणी माणसं मीठ विकत आणून पाण्यात कालवतात, आणि ते आपल्याकडे जमिनीतून आपोआप वर येतं, मग खाऱ्या पाण्यातल्या जनावराला गोड पाणी पाजायचं कशाला? अर्पिताने सांगितलं होतं की पाणी उडतं पण मीठ टाकीतच राहतं, म्हणून भर गोड्याचीच घालायची. पण लेकीचं शास्त्र एकीकडे आणि बापाची बोअर एकीकडे असा प्रश्न आला, तेव्हा बोअर जिंकली. हिंमतराव रोज सकाळी आंघोळ करून, सूर्याला पाणी द्यावं तशा भक्तीने टाकीत बोअरचा एक तांब्या ओतू लागले. टाकीतलं मीठ वाढत गेलं आणि छत्री मिटली.

हिंमतरावांचे हात शिवशिवू लागले. ते दुकानात गेले आणि फळीवरून आपली सगळ्यात खपाची बाटली काढून आणली. टाकीपाशी उभं राहून किती टोपणं टाकावीत म्हणून त्यांनी चिकटवलेला कागद वाचला. बाटली वर्षानुवर्षं विकत आलेल्या हिंमतरावांनी तो कागद पहिल्यांदाच वाचला. त्यावर लाल त्रिकोण होता, आणि माशांना व मधमाश्यांना घातक, हातमोजे घालावेत, तोंडाला फडकं बांधावं, पोटात गेल्यास अमुक करावं, असं बरंच काही बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यांनी बाटली उचलून परत दुकानात नेली आणि फळीवर जागच्या जागी ठेवली. दुपारपर्यंत ती विकलीही गेली.

मग त्यांनी अर्पिताला फोन लावला.

"बाबा, ते कात टाकून राह्यली असन," ती म्हणाली. "कधी कधी मिटते ते. गोडच पानी घालून राह्यले ना?"

"हाव," हिंमतराव म्हणाले. लेकीशी खोटं बोलायला त्यांना जड गेलं, पण बोअरची इज्जत राखणंही भाग होतं.

ते फोन ठेवतात तोच दुकानात सोजराबाई आल्या. सोजराबाई एकट्या बाईमाणूस, चार एकरांच्या धनी. बोलायला रोखठोक आणि कामाला वाघ. त्यांनी काउंटरवर पान नाही, बोंडं ठेवली आणि एक एक फोडून दाखवलं. प्रत्येकात एक एक गुलाबी अळी आरामात बसलेली होती.

"या बियान्याले अळी लागत नाही म्हनले होते ना तुमी?"

"लागत नाही म्हंजे, कंपनी म्हनते लागत नाही." हिंमतरावांनी सवयीने बोंड उलटं केलं. "पुड्यात दुसरी बारकी पुडी असते. साध्या सरकीची. ते अळीसाठी कडेनं लावा लागते. लावली होती का?"

"तुमीच म्हनले ना का फेकून दे, फुकट जागा अडवते?"

हिंमतरावांनी बोंड सरळ केलं.

"बरं, झालं ते झालं," सोजराबाई म्हणाल्या. "पाच खेपा फवारा मारला तुमच्या म्हनन्यावर. आता हे पऱ्हाटी उपटतो अन् हरबरा पेरतो. वावरात अजून ओल हाय."

"उपटू नका बाई! तुमी तक्रार केली ना? मंग पंचनामा झाल्याबिगर एक झाड हालवू नका. उपटलं तं नुकसान दिसनार कसं? उभं ठेवा."

"उभं ठेवलं तं ओल जाते ना भाऊ! मंग हरबरा काय चुलीवर पेरू?"

"शासन तुमच्या पाठीशी हाय."

"पाठीशी हाय हे समजलं. समोर कवा येते?"

सोजराबाईंचं सगळं वर्ष आता त्या ओलीवर होतं. कपाशी गेली होती, हे त्यांनी बोंड फोडलं तेव्हाच मनाशी मान्य करून टाकलं होतं. हरभरा मात्र अजून हातात होता. तक्रारीचा पंचनामा करणारी समिती आठवडाभरात आली तर तो पेरून होणार होता, आणि नाही आली तर वावर उन्हाळ्यापर्यंत पडीक राहणार होतं.

हिंमतरावांच्या जिवालाही घोर होता, पण वेगळा. समितीने वावर पाहिलं आणि बियाणं सदोष ठरवलं, तर ते विकणाऱ्याचं नावही अहवालात चढतं. म्हणून कृषी सहायक दयाराम जेव्हा समिती येत असल्याची वर्दी घेऊन आला, तेव्हा हिंमतराव मोठ्या अगत्याने म्हणाले, "आधी घरी आन बे त्याइले. उन्हाचं वावरात कुठं नेतं? चहापानी घेतीन, जरा टेकतीन."

दयाराम स्वभावाने भला होता. कुणालाही नाही म्हणणं त्याला जमत नसे. त्याने सोजराबाईंनाही सांगितलं की साहेब आधी तुमच्याच वावरात येतील.

ठरल्या दिवशी कीड-प्रादुर्भाव सत्यता पडताळणी समिती जीपमधून उतरली. समितीत तिघे होते. अध्यक्ष, ज्यांना सगळे साहेब म्हणत. एक शास्त्रज्ञ, ज्यांची उभी नोकरी अळ्यांत गेली होती. आणि बियाणं कंपनीचा एक माणूस, जो काही बोलत नसे आणि सही मात्र सगळ्यांच्या आधी करत असे. हिंमतरावांनी तिघांना टाकीकडे तोंड करून बसवलं. सोजराबाई ओट्यावर थांबल्या.

टाळ्यावाल्याने पंजे उघडमीट केले. साहेबांनी नकळत मान लववली. इतकं मनापासूनचं स्वागत त्यांचं त्या दौऱ्यात कुठे झालं नव्हतं. दोन बशा चिवडा संपला, चहा झाला, पुन्हा चहा झाला. हिंमतराव मनात म्हणाले, एका टाकीने चार एकर झाकले.

तेवढ्यात शास्त्रज्ञ चष्मा पुसून उठले आणि काचेला नाक लावून उभे राहिले. दगडाच्या फटीतून एक लांबट, केसाळ, गुलाबीसर अळी बाहेर डोकावत होती.

"शेंदरी!" शास्त्रज्ञ म्हणाले.

"नाही साहेब," हिंमतराव घाईने म्हणाले. "ते उष्टंमाष्टं खाते. माही पोरगी सांगत होती, चांगली असते म्हने ते अळी."

"चांगली अळी?" शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "चांगली अळी ही कल्पना आमच्याकडे अजून मंजूर नाही. हे पाहा, झाड मिटलेलं आहे. शेंडा सुरकुतलेला आहे. अंगावरचा पापुद्रा सुटतो आहे. आणि शेंदरी कीड प्रत्यक्ष हजर आहे. याला प्रादुर्भाव म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?"

"झाड नाही साहेब, जनावर हाय ते."

"मग तर जास्तच गंभीर आहे. कीड पिकावरून जनावरांवर गेली!"

कंपनीचा माणूस त्या दिवसात पहिल्यांदाच बोलला. "आमच्या कंपनीचा समुद्राशी काही संबंध नाही," असं म्हणून त्याने सहीसाठी पेन काढलं.

सोजराबाई दारात आल्या. "साहेब, वावर जवळच हाय माह्यं. नाल्यापलीकडं. उन्हं उतराच्या आत पाहून होते."

"बाई, काम चालू आहे, दिसतंय ना?" साहेब म्हणाले. मग दयारामकडे वळून त्यांनी नियम समजावून सांगितला. पंचनामा कीड आढळेल त्या ठिकाणी करावा, असं परिपत्रक आहे. ती शेतातच आढळली पाहिजे, असं परिपत्रकात कुठेही म्हटलेलं नाही. शासनाने इतकी सोय करून ठेवली असताना उन्हात हिंडणं हा शासनाच्या दूरदृष्टीचा अपमान होईल.

दयारामने कागद पुढे ओढला आणि घुटमळला. "साहेब, तक्रार क्रमांक कोनता टाकू?"

"आहे तो टाका."

"आहे तो सोजराबाईंचा हाय जी."

"गाव एकच आहे ना? अळी एकच आहे ना? मग क्रमांक वेगवेगळे कशाला?"

दयारामने एकदा दाराकडे पाहिलं; सोजराबाई वावराकडे निघून गेल्या होत्या. मग त्याने क्रमांक टाकला. हिंमतरावांना हे सगळं समजत होतं. एक शब्द बोलले असते, तर तिथेच थांबलं असतं. त्यांनी साहेबांना सुपारी पुढे केली.

इथवर हिंमतरावांचं चांगलंच साधलं होतं. घोळ झाला तो उठता उठता. साहेबांनी टाकीच्या झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावायला सांगितली आणि वर लाखेची मोहोर उठवली. "नमुन्याचा तपासणी अहवाल येईपर्यंत पीक आहे त्या स्थितीत उभं ठेवावं. काही काढू नये, काही घालू नये."

हिंमतराव टाकी आणि साहेब यांच्या मधे आले. "साहेब, पन ते जितं हाय!"

"म्हणूनच. मेल्यावर ते आधी जिवंत होतं हे सिद्ध करत बसावं लागतं."

"पानी उडते त्यातलं. घाला लागते रोज."

"पंचनाम्यात पाण्याची पातळी नोंदवली आहे. कमी-जास्त झाली तर जबाबदारी तुमची."

जीप धुरळा उडवत गेली. सोजराबाई नाल्यापलीकडे वावराच्या बांधावर जाऊन उभ्या होत्या. आधी तुमच्याच वावरात येतील असं दयारामने सांगितलं होतं ना, म्हणून त्यांनी तिथे मातीच्या मडक्यात साहेबांसाठी पाणीसुद्धा भरून ठेवलं होतं. जीप तिकडे न वळता डांबरी रस्त्याला लागली, ते त्यांना तिथून स्वच्छ दिसलं.

पुढे काय व्हायचं ते होत गेलं. झाकणाच्या फटींतून पाणी उडत राहिलं आणि उरलेलं पाणी आणखी खारट होत राहिलं. टाळ्यावाल्याने आधी टाळ्या कमी केल्या, मग थांबवल्या, मग त्याचे शेंडे विरघळल्यासारखे लोंबू लागले. गवत आत ओढलं गेलं. हिंमतराव दुकान सोडून टाकीसमोर बसून राहत. काउंटरवर पानं साचली. खरं सांगायचं तर त्यांचा जीव जडला होता. मुलगी पुण्याला गेल्यापासून घरात त्यांची वाट पाहिल्यासारखं हलणारं दुसरं काही नव्हतं. बायको सुभद्राबाई होत्या, पण त्यांनी नवऱ्यासाठी टाळ्या वाजवणं केव्हाच सोडलं होतं.

अर्पिता फोनवर ओरडली. "बाबा, मेलेला भाग लगेच कापून काढा! सडला तं सारी टाकी जाते. अन् गोड पानी घाला थोडं थोडं!"

"सील हाय."

"कोनी लावलं?"

"मी चहा पाजला त्याइनं."

अशा अवस्थेत असताना एके सकाळी सोजराबाई घरी आल्या. समितीचा निष्कर्ष त्यांना दयारामने सांगितला होता. त्यांच्या क्रमांकावर नोंद अशी झाली होती की पीक मऊ व मांसल आहे, शेतात हातभर खारं पाणी उभं आहे, पाण्यामुळे पीक सुरकुतलं असून बियाणं निर्दोष आहे. शेतात विजेचे दिवे लावल्याबद्दल तक्रारदाराला समजही देण्यात आली होती.

"माह्या वावरात हातभर पानी!" सोजराबाई म्हणाल्या. "इतकं पानी असतं तं मी ऊस नसता लावला? दयारामले म्हटलं बदल हे. तो म्हनते एकदा पाहनी झाली, तं झाली. टाकीवाल्यानं स्वतः लिहून देलं, तंच ते रद्द होते."

हिंमतरावांनी टाकीच्या काचेवरची धूळ बाहीने पुसली.

"भाऊ, तुमी इतकंच सांगा का टाकी तुमची हाय अन् वावर माह्यं हाय. सील निंगते. तुमचं जनावर वाचते अन् माह्या वावरात मानसं येते. अजून दोन-चार दिवस ओल धरून हाय वावर. मी पायलं उकरून."

इतका साधा हिशेब होता. हिंमतरावांनी टाकीकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, आणि मग भिंतीपलीकडच्या आपल्या दुकानाकडे पाहिलं. समिती वावरात गेली की बोंड फुटणार, बोंड फुटलं की बियाण्याचं नाव निघणार, आणि बियाण्यामागून त्यांचं.

"पाहू," ते म्हणाले.

सोजराबाईंनी पदर खोचला. "पाहा. तवरक उभं ठेवा मंग. उपटू नका," असं म्हणून त्या चालू लागल्या. हिंमतरावांच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. पण कानशिलात बसलेलं दुखतं थोडा वेळ, आणि दुकान जन्माचं असतं.

त्यांनी तिसरी वाट काढली. बाजारपेठेत अकील नावाचा वार्ताहर होता, त्याला बोलावून टाकी दाखवली. अकील पाहतच राहिला.

"हिंमतभाऊ, हे तं एकदम फर्स्टक्लास हाय," तो म्हणाला. "बोंडअळीचे फोटो ढीगभर पडून हायेत माह्यापाशी. कोनी छापून नाही राह्यलं. सारे काळे अन् तपकिरी. हे रंगीत हाय. हे चालते."

आणि ते चाललं. 'खारपाणपट्ट्यात समुद्रजीवांचा टाहो' अशा मथळ्याखाली मिटलेल्या छत्रीचा फोटो पहिल्या पानावर आला. दुपारपर्यंत तो साऱ्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर पोचला. लोकांनी रडकी तोंडं पाठवली, जोडलेले हात पाठवले. ज्यांनी बुलढाणा कुठे आहे हे नकाशात कधी शोधलं नव्हतं, त्यांनी ते त्या दिवशी शोधलं. मुक्या जिवाला कायद्याच्या कचाट्यात अडकवणारी व्यवस्था किती निर्दय आहे, यावर लांबलचक मजकूर आले. एका शहरातल्या प्रवाळप्रेमी मंडळाने मेणबत्त्या लावल्या. एका शाळेत मुलांकडून टाळ्यावाल्याला शुभेच्छापत्रं लिहून घेतली गेली.

व्यवस्था एरवी हलत नाही म्हणतात, ते खोटं आहे. ती दोन दिवसांत हलली. विशेष बाब म्हणून प्रवाळाला स्वतंत्र तक्रार क्रमांक देण्यात आला. साहेब स्वतः येऊन मोहोर तोडून गेले आणि तोडताना त्यांचा फोटो निघाला. शास्त्रज्ञांनी चांगली अळी ही कल्पना तात्पुरत्या स्वरूपात मंजूर केली. आणि प्रवाळाला गोड पाणी लागतं असं कळल्यावर वरून हुकूम सुटला आणि धामणखेडात गोड्या पाण्याचा टँकर आला.

धामणखेडने गोड्या पाण्याचा टँकर याआधी निवडणुकीतच पाहिला होता. घराघरातून हंडे, कळश्या, बादल्या बाहेर निघाल्या आणि हिंमतरावांच्या दारापर्यंत रांग लागली. टँकरवरच्या शिपायाने काठी आडवी धरली. "हे पानी प्रवाळासाठी हाय," तो म्हणाला. "मानसाइनं मांगं सरा." लोक मागे सरले. टाकीला एक बादली पुरली. उरलेलं पाणी, दुसऱ्या कामासाठी वापरण्याची तरतूद नसल्यामुळे, टँकरबरोबर परत गेलं.

अर्पिता पुण्याहून धावत आली होती. तिने सडलेले शेंडे कापून काढले, पाणी थोडं थोडं बदललं, आणि बोअरच्या तांब्याची हकीकत कळल्यावर बापाकडे नुसतं पाहिलं. मग तिने टाकीपासून बापाला लांब बसवलं. काही दिवसांनी छत्रीवरची लव पुन्हा बाहेर आली. टाळ्यावाल्याच्या उरलेल्या खुंटावर नवे पंजे फुटले आणि एका संध्याकाळी त्यांनी उघडमीट केली. साऱ्या गावाने पाहिलं. बायकांनी डोळे पुसले. हिंमतरावांचेही डोळे भरून आले.

गर्दीत सोजराबाईही होत्या. त्या पुढे येऊन काचेपाशी उभ्या राहिल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"सुंदर हाय," त्या म्हणाल्या. "कोनतं औषध मारलं भाऊ याले?"

"औषध नाही काही," हिंमतराव भारावून म्हणाले. "गोड पानी देलं. अन् मंग कोनी हात नाही लावला. आपोआप सुधरलं."

"अस्सं," सोजराबाई म्हणाल्या. "मंग मले काऊन पाच खेपा बाटल्या देल्या?"

हिंमतरावांचा हात सवयीने मागे गेला, पण तिथे फळी नव्हती. सोजराबाईंनी फार वाट पाहिली नाही. त्यांची ओल गेली होती. एका क्रमांकावर एकदाच पाहणी होते, आणि त्यांच्या क्रमांकावर ती झालेली होती. हरभऱ्याचं बियाणं त्यांनी दळून बेसन केलं आणि वावर पडीक राहिलं. पुढच्या वर्षीचं बियाणं त्यांनी हिंमतरावांच्याच दुकानातून नेलं, कारण गावात दुसरं दुकान नाही.

ही हकीकत सांगणाऱ्याने ती आजवर पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारे सगळे भले लोक असतात. टाकी सील होते तिथे ते अस्वस्थ होतात, टाळ्यावालं लोंबू लागतं तिथे हातातला कप खाली ठेवतात, आणि पंजे पुन्हा उघडले म्हटलं की सुटकेचा श्वास टाकतात. त्या बाईंनी बेसनाचं काय केलं आणि ते किती दिवस पुरलं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. तुमचाही श्वास मघाशी टाळ्यावाल्याच्या पंजांपाशीच सुटला ना?